मावेल ना गाडीत?

सहलीची आठवण म्हणून आमच्या घरात आलेली पहिली वस्तू म्हणजे एक लाकडी शिडी. आठ पायऱ्यांची, मधल्या दोन पायऱ्या पावलांनी झिजून खोलगट झालेल्या. तेव्हापासून आमचा नेम ठरला. सहलीहून दहा लहानसहान वस्तू आणायच्या नाहीत, एकच आणायची. जुनी, आणि जमलं तर मोठी. शिडीनंतर आली जहाजातून फिरलेली एक ट्रंक. तिच्या कडेला अजूनही अर्धवट फाटलेला कागद चिकटलेला आहे: 'नॉट वॉन्टेड ऑन व्हॉयेज'. म्हणजे ही पेटी वाटेत उघडायची नाही, जहाजाच्या पोटात टाका. पूर्वी ट्रंकांची झाकणं पाणी ओघळून जावं म्हणून फुगीर असायची. पॅरिसच्या लुई व्हितोंने १८५८ मध्ये सपाट झाकणाची ट्रंक काढली आणि एकीवर एक पेटी रचता येऊ लागली. आमची ट्रंक त्याची नाही, कुठल्या तरी अनामिक कारागिराची आहे. पण सपाट झाकणाचा फायदा आम्ही रोज घेतो, कारण तीच आमची चहाची बैठक आहे.

लहान वस्तू कपाटात जाते आणि तिथेच राहते. मोठ्या वस्तूला घरात जागा करून द्यावी लागते, आणि ती आणताना सगळ्यांना हात लावावा लागतो. शिडी आणली तेव्हा धाकटा जेमतेम तीन वर्षांचा होता. त्या सहलीतला डोंगर, तळं, मुक्काम, यातलं काही म्हणता काही त्याला आठवत नाही. पण शिडीचं खालचं टोक आपण धरलं होतं, हे तो आजही छातीठोकपणे सांगतो.

या वेळी आम्ही पाच जण होतो: मी, नवरा, बारा वर्षांची थोरली, आठ वर्षांचा धाकटा आणि माझी आई.

आदली रात्र

सामान भरून झालं की आमच्याकडे मोजमाप होतं. नवरा गाडीचं मागचं दार उघडून मापपट्टी लावतो, थोरली कागदावर लिहून घेते. दाराची उंची ७४ सेंटिमीटर, रुंदी १०१. मागची सीट पाडली तर लांबी दीड मीटरच्या वर, अर्धीच पाडली तर एका बाजूने तेवढीच पण अरुंद. त्याच कागदावर घराच्या दाराचं माप, आणि जिना जिथे वळतो तिथलं माप. जिन्याचं वळण लोक हमखास विसरतात. वस्तू गाडीत बसते, दारातून येते आणि जिन्यात अडकते.

टपावरच्या कॅरिअरला किती वजन चालतं, ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. आमच्या गाडीला ७५ किलो चालतं, आणि त्यात कॅरिअरचं स्वतःचं वजनही धरायचं असतं. तोही आकडा कागदावर. मग एक पिशवी: विजेरी, मापपट्टी, दोन पेचकस, शिलाई मशीनच्या तेलाची बाटली, जुन्या सुती चिंध्या, दोन पट्टे आणि तीन घोंगड्या. तेलाची बाटली आईने टाकली. "असू दे, काही ना काही कुरकुरणारं भेटतंच," म्हणाली.

पहिला दिवस

पहिल्या दिवशी काही घ्यायचं नाही, हा आमचा पक्का नियम. जे घ्याल ते पुढचे चार दिवस सोबत वागवावं लागतं आणि मग नंतर दिसलेल्या चांगल्या वस्तूला जागा उरत नाही.

तरी हमरस्त्याच्या कडेला एक जुन्या सामानाचं दुकान दिसलं आणि पाय थांबले. आत एक देखणं कपाट होतं, काचेच्या दारांचं. शंभर वर्षांहून जुनं आहे, असं दुकानदाराने सांगितलं. थोरली विजेरी घेऊन मागच्या बाजूला गेली. ती आता कपाट पुढून बघतच नाही. सरळ मागे जाते, खण बाहेर काढते, तळ बघते. पुढची बाजू सगळे घासूनपुसून चकचकीत करतात, मागची कोणी करत नाही.

"आई, बिजागरीचे स्क्रू अधिकच्या चिन्हाचे आहेत."

हेन्री फिलिप्स या अमेरिकन माणसाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या स्क्रूची पेटंटं १९३६ मधली आहेत, आणि मोटारींच्या कारखान्यांतून तो पुढे सगळीकडे पसरला. त्याआधीच्या लाकूडकामात बहुतेक सरळ खाचेचे स्क्रू असायचे. आता, स्क्रू नवा आहे म्हणून कपाट नवं, असं लगेच म्हणता येत नाही. बिजागरी नंतर कोणी बदललेली असू शकते. पण बदललेली असेल तर जुन्या स्क्रूंची भोकं, निदान बुजवलेल्या खुणा तरी दिसायला हव्यात. इथे लाकूड कोरं होतं. खणांच्या कोपऱ्यांतले सांधेही सगळे एकाच मापाचे, यंत्राने कापलेले. हाताने कापलेल्या सांध्यात एखादा दात रुंद, एखादा अरुंद असा फरक राहतोच.

कपाट वाईट नव्हतं. फक्त सांगितलं त्या वयाचं नव्हतं. दुकानदाराशी हुज्जत न घालता आम्ही निघालो. मुक्कामी पोचलो तोवर अंधार पडला होता. त्या दिवसाबद्दल आणखी सांगण्यासारखं काही नाही.

दुसरा दिवस

एका बंद पडलेल्या गिरणीच्या आवारात जुना बाजार भरतो असं कळलं होतं. सकाळी सातलाच पोचलो. असल्या बाजाराला लवकर जावं. मोठ्या वस्तू टेम्पोतून उतरतानाच बघायला मिळतात, चारही बाजूंनी, आणि त्या उचलायला किती माणसं लागली तेही कळतं.

धाकटा सुटला तो थेट पियानोकडे. उभा पियानो, दोन्ही बाजूंना मेणबत्त्यांसाठी पितळी हात. पट्ट्या पिवळसर झालेल्या. मी वाकून बघितलं तर पांढऱ्या पट्टीच्या रुंद भागात आणि मागच्या निमुळत्या भागात केसाएवढी बारीक रेघ होती. हस्तिदंत असा दोन तुकड्यांत बसवत. प्लॅस्टिकच्या पट्टीला ही रेघ नसते. हे हत्तीचे सुळे आहेत, असं धाकट्याला सांगितल्यावर त्याने बोटं मागे घेतली आणि बराच वेळ गप्प उभा राहिला. वन्य प्राणी आणि वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार, सायटिस, १९७५ पासून लागू आहे, आणि असल्या पट्ट्यांचा पियानो परवान्याशिवाय देशाची सीमा ओलांडू शकत नाही. आम्हाला तो कुठलीही सीमा ओलांडून न्यायचा नव्हता. पण आत ओतीव लोखंडाची चौकट असते आणि साधारण उभा पियानोच दोनशे किलोच्या आसपास भरतो. तो आमचा नव्हताच. धाकट्याने त्याला हात लावून निरोप दिला.

एक हिरवं दारही होतं, दोन पाखांचं. नवरा त्याच्यापाशी रेंगाळला. त्याचे पोपडे उडत होते आणि नेमकं तेच त्याचं सौंदर्य होतं. पण जुन्या रंगात शिसं असण्याची शक्यता दाट. अमेरिकेतसुद्धा घरगुती रंगांत शिशावर बंदी यायला १९७८ उजाडलं. पोपडे खरवडले की ती धूळ घरभर होते. मुलं असलेल्या घरात असं दार आणायचं तर आधी जाणकाराकडून रंग तपासून घ्यावा आणि मगच आणावं. इथे तेवढा वेळ नव्हता. ते दार सोडल्याची चुटपुट मला अजून आहे.

आणि मग मिळाला नकाशा. शाळेत भिंतीवर टांगतात तसा, कापडावर डकवलेला जगाचा नकाशा, वर-खाली लाकडी दांड्या. जवळजवळ दोन मीटर रुंद. गुंडाळून एका कोपऱ्यात छत्र्यांसोबत उभा केला होता. विकणाऱ्या मावशींनी तो आमच्यासाठी जमिनीवर उलगडला आणि चार कोपऱ्यांवर चार बुटं ठेवली. कुठे छापला, केव्हा छापला, काहीच नाही. खालची पट्टी फाटून गेलेली. मुलांना तेवढंच पुरलं.

रात्री खोलीत दोन पलंग जोडून नकाशा पसरला आणि आम्ही पाचही जण त्याच्याभोवती गुडघ्यांवर बसलो. श्रीलंकेच्या जागी 'सिलोन'. म्हणजे १९७२ च्या आधीचा. पूर्व पाकिस्तान आहे, म्हणजे १९७१ च्या आधीचा. याने काही नवं कळलं नाही. आईला इस्तंबूल सापडलं, त्याचं जुनं नाव कॉन्स्टॅन्टिनोपल नव्हे. मग थोरलीने आफ्रिका धरली. बेल्जियन काँगो आहे! तो जून १९६० पर्यंतच होता. नायजेरिया ब्रिटिश वसाहतींच्या गुलाबी रंगात, पण शेजारी घाना स्वतंत्र रंगात. घाना मार्च १९५७ मध्ये स्वतंत्र झाला. तीन वर्षांवर आलो. मग नवऱ्याला दिसलं की इजिप्त आणि सीरिया एकाच रंगात आहेत आणि दोन्हींवर मिळून एकच नाव आहे, 'युनायटेड अरब रिपब्लिक'. ते झालं फेब्रुवारी १९५८ मध्ये. आता फक्त वरची कड राहिली. धाकट्याला नकाशा वाचता येतो पण इतिहास येत नाही, त्यामुळे तो पश्चिम आफ्रिकेतली नावं मोठ्याने वाचत होता आणि थोरली फोनवर बघत होती. फ्रेंच पश्चिम आफ्रिका, एकच मोठा जांभळा पट्टा, आणि गिनी त्याच्या आतच. गिनी ऑक्टोबर १९५८ मध्ये फ्रान्सपासून वेगळा झाला.

फेब्रुवारी ते ऑक्टोबर १९५८. आठ महिने! नकाशा आखून छापून व्हायला वेळ लागतो, तेव्हा महिन्यांचा हिशेब थोडा पुढेमागे होणारच. पण ज्या कुणा शाळेने तो विकत घेतला, तिच्या भिंतीवर तो लागेलागेतोच जुना व्हायला लागला असणार. कुणी शिक्षकाने गिनीभोवती पेन्सिलीने बारीक रेघ ओढून घेतली होती. ती आम्हाला सगळ्यात शेवटी दिसली. आईने विजेरी तिरकी धरली तेव्हा.

रात्रीचे साडेअकरा झाले होते. मुलांना झोपा म्हणायचं माझ्या जिवावर आलं.

तिसरा दिवस

खरं तर आम्ही समुद्राकडे निघालो होतो. वाटेत एका गोदामाच्या दारात खुर्च्यांची चवड दिसली, आणि चवडीच्या खालून लोखंडी जाळीदार पाय डोकावत होते. आईनेच आधी पाहिलं. "पायमशीन आहे," एवढंच म्हणाली. नवऱ्याने गाडी बाजूला घेतली.

खुर्च्या बाजूला झाल्यावर पायाने चालवायचं शिलाई मशीन दिसलं. ओतीव लोखंडाचा पाया, मधल्या पट्टीत ओळखीची अक्षरं: सिंगर. वर लाकडी मेज, दोन्ही बाजूंना खण. झाकण उघडून डोकं, म्हणजे मशीनचा शिवणारा भाग, वर काढलं तर काळ्या अंगावर सोनेरी स्फिंक्स, पंख पसरलेला. पंखांचं सोनं एका जागी पुसटलं होतं, जिथे शिवणाऱ्या बाईचा डावा हात टेकत असणार तिथे. आईने नकळत आपला हात तिथेच टेकवला.

उजव्या हाताला, तळपट्टीवरच्या लहानशा चौकोनात मशीनचा क्रमांक ठोकलेला असतो. थोरलीने चिंधीने पुसला: आधी वाय हे अक्षर, मग आकडे. वाय अक्षराचे क्रमांक स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्याचे, १९२० च्या दशकातले किंवा १९३० च्या दशकाच्या पूर्वार्धातले. तिथल्या किलबोवी भागातला हा कारखाना १८८५ मध्ये सुरू झाला आणि १९८० मध्ये बंद पडला. आज तो नाही, पण तिथल्या रेल्वे स्थानकाचं नाव अजून सिंगर आहे. १९११ मध्ये तिथे मोठा संप झाला होता. त्याची सुरुवात मेजांना पॉलिश करणाऱ्या बारा बायकांपासून झाली. बघता बघता सुमारे ११,००० कामगारांच्या त्या कारखान्यातले बहुतेक जण बाहेर पडले. हे मी पूर्वी वाचलेलं होतं. त्या दिवशी मेजाच्या कडेवरून बोट फिरवताना, कुणाच्या तरी हाताने केलेलं हे पॉलिश आहे, हे पहिल्यांदा खरं वाटलं.

पण चाक फिरेना.

गोदामवाले काका प्रामाणिक होते. म्हणाले, "जाम आहे, शोभेसाठीच घ्या." आई काही बोलली नाही. तिने पिशवीतून तेलाची बाटली काढली. डोक्याच्या वरच्या अंगाला, बाजूला, खाली, जिथे जिथे लोखंड लोखंडावर घासतं तिथे बारीक भोकं असतात. ती सगळी तिला पाठ होती. प्रत्येकात दोन थेंब. मग डोकं मागे कलतं करून खालून. मग काकांना विचारून तिने मशीन पुढच्या बाजूने उन्हात ओढून घेतलं. वर्षानुवर्षं न हललेल्या मशीनमधलं तेल वाळून गोंदासारखं होतं. बहुतेक वेळा तेवढंच झालेलं असतं, मोडलेलं काही नसतं. ऊब लागली की ते सैल पडतं. जोर लावायचा नाही, थांबायचं.

आम्ही तासभर थांबलो. मुलांनी गोदामातल्या सगळ्या खुर्च्यांवर बसून बघितलं. मग आईने चाकावर तळहात ठेवला आणि ते आपल्याकडे ओढलं. पाव फेरा. मागे. पुन्हा पुढे, अर्धा फेरा. आणि मग सुई खाली गेली आणि वर आली.

काकाच टाळ्या वाजवायला लागले.

सुईजवळची चकचकीत पट्टी सरकवली की खाली धोटा दिसतो, खालच्या दोऱ्याची बॉबिन ज्यात बसते तो. या जातीच्या मशीनमध्ये तो गोल नसतो, लांबट असतो, होडीसारखा टोकदार, आणि खाली कमानीत मागेपुढे झुलतो. जुनी मशीनं बघताना हा धोटा आहे की नाही ते आधी बघावं. लहान आणि सुटा असल्यामुळे तोच हरवलेला असतो. इथे होता. त्याच्या आतल्या लांब बॉबिनवर निळा दोरा गुंडाळलेला होता, अर्धाच. कुणाचं तरी शिवण मध्येच राहिलेलं.

घ्यायचं की नाही, हे आमच्याकडे सगळे मिळून ठरवतात आणि एकाचा जरी नकार असला तरी वस्तू येत नाही. नवऱ्याने कागद काढला. मशीनची उंची ७८. गाडीचं दार ७४. चार सेंटिमीटर. उभं जाणार नव्हतं.

"आडवं करू," थोरली म्हणाली.

"डोकं काढल्याशिवाय नाही," आई म्हणाली, आणि ते खरं होतं. डोकं मागच्या अंगाला दोन बिजागऱ्यांच्या खुंट्यांवर बसवलेलं असतं आणि प्रत्येक खुंटीला एक छोटा स्क्रू दाबून धरतो. आधी चामड्याची वादी चाकावरून उतरवायची, डोकं मागे कलतं करायचं, एकाने धरायचं, दुसऱ्याने ते दोन स्क्रू सैल करायचे, की डोकं अलगद वर निघतं. धाकट्याला स्क्रू सैल करायचं काम मिळालं. डोकं हातात आल्यावर नवरा क्षणभर वाकलाच. दिसतं त्यापेक्षा ते किती तरी जड. ते घोंगडीत गुंडाळून पुढच्या सीटच्या पायांपाशी गेलं.

यानंतर जे झालं ते माझ्या घाईमुळे झालं. खण काढून झाले होते, पाया उचलायचा होता. मी मेजाची कड धरली आणि उचललं. लोखंडी पाया खाली ओढतो आणि मेज वर. करकर आवाज आला, मागच्या कोपऱ्यातला एक स्क्रू लाकडातून उपटून आला आणि वरच्या व्हिनियरची, म्हणजे लाकडाच्या पातळ थराची, नखाएवढी कपची उडाली. आई काही म्हणाली नाही, मुलंही नाही, आणि मला ते जास्त लागलं. शंभर वर्षांच्या आसपास टिकलेली कड माझ्या हातून गेली होती. पायमशीन कायम लोखंडाला धरून उचलावं, मेजाला कधीच नाही. ओतीव लोखंड मजबूत दिसतं, पण ठिसूळ असतं. आपटलं की वाकत नाही, तडकतं, आणि तडकलेलं जोडणं सोपं नसतं. मेज निसटून पाया आपटला असता तर संपलंच होतं.

थोरलीने जमिनीवर बसून ती कपची शोधली आणि पाकिटात ठेवली.

मग नीट केलं. पायाखालचं पायडल हलू नये म्हणून चिंधीने दांडीला बांधलं. दोघांनी दोन बाजूंचं लोखंड धरलं, काकांनी मधून आधार दिला आणि मशीन पाठीवर निजवून आत सरकवलं, खाली दोन घोंगड्या. जड वस्तू खाली आणि शक्य तितकी पुढे, सीटच्या पाठीला टेकलेली. कपड्यांच्या हलक्या बॅगा वर टपावर. दोन पट्टे आडवे. नकाशाची नळी तिरकी, पुढच्या काचेपासून मागच्या काचेपर्यंत. खण मुलांच्या पायांशी.

समुद्र आम्हाला संध्याकाळी गाडीतूनच दिसला, दहा मिनिटं. कुणी तक्रार केली नाही.

रात्री आईने डोकं पुसायला घेतलं. खोलीत हात धुण्याचं स्पिरिटचं द्रावण होतं, नवऱ्याने ते पुढे केलं तर ती जवळजवळ ओरडली. हे सोनेरी चित्र चपडीच्या, म्हणजे लाखेच्या, थराखाली जपलेलं असतं, आणि चपडी स्पिरिटात विरघळते. एकदा फिरवलं की चित्र गेलं. शिलाई मशीनचं तेल आणि मऊ चिंधी, बस्स. चिंध्या आधी तपकिरी होत गेल्या, मग पिवळट, आणि स्फिंक्सच्या पंखांतली एकेक पिसं उजळत गेली. पुसताना ती तिच्या स्वतःच्या पहिल्या मशीनबद्दल बोलली. ते हप्त्यांवर घेतलेलं होतं. सिंगर कंपनी १८५६ पासून हप्त्यांवर मशीनं विकत आली आहे हे मी तिला सांगितलं, तर म्हणाली, "मग त्यांना ठाऊकच असणार, मशीन घरात आल्यावर पैसे मशीनच कमावतं."

चौथा दिवस

पूर्ण दिवस गाडीत. भरलेली गाडी थांबायला जास्त अंतर घेते, म्हणून नवरा सावकाश चालवत होता. तासातासाला थांबून पट्टे ताणून बघायचे. पहिल्या पन्नास किलोमीटरमध्ये ते हमखास सैल पडतात.

दुपारी एका झाडाखाली थोरलीने खण तपासले. काळ्या पुठ्ठ्यावर एकेक खण धरून हलकेच टकटक. तीन खणांतून फक्त धूळ पडली. चौथ्याच्या तळाला दीड-दोन मिलिमीटरची गोल भोकं होती, आणि पुठ्ठ्यावर फिकट, ताजा भुसा पडला. भोकं नुसती जुनी असती तर काळजी नव्हती. ती किडा बाहेर पडून गेल्याच्या खुणा असतात. ताजा भुसा म्हणजे आत अजून कुणीतरी आहे. फर्निचर पोखरणाऱ्या या भुंग्याच्या अळ्या लाकडात तीन-चार वर्षंसुद्धा राहतात. तो खण तिथेच प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधला. घरातल्या शिडीला आणि ट्रंकेला पाहुणा नको होता.

संध्याकाळी पावसाची एक सर आली. टपावरच्या बॅगा भिजल्या. मशीन आणि नकाशा आत कोरडे होते.

पाचवा दिवस

घरी पोचलो दुपारी. जिन्याच्या वळणावर आमच्या कागदाने पुन्हा हात दिला: पाया उभा धरून, पायडल पुढे करून, दोन सेंटिमीटरच्या फरकाने वळला. धाकटा पुढे उलटा चालत "थोडं डावीकडे" सांगत होता. या वेळी मी लोखंडालाच धरलं होतं.

किडका खण हवाबंद पिशवीसह फ्रीझरमध्ये गेला. संग्रहालयांत वस्तू उणे ३० अंशांना तीन दिवस ठेवून कीड मारतात. घरचा फ्रीझर साधारण उणे १८ चा, म्हणून आम्ही दोन आठवडे ठेवणार आहोत. बाहेर काढल्यावरही पिशवी लगेच उघडायची नाही, नाहीतर गार लाकडावर दव धरतं. व्हिनियरची कपची सरसाने बसवून वर वजन ठेवलं आहे. सांधा दिसतो. दिसू दे.

नकाशा भिंतीवर लावायला घेतला तर भिंत पंधरा सेंटिमीटरने कमी पडली. घरातली एवढी एक भिंत मोजायची राहिली होती. तूर्तास तो शिडीला टांगला आहे, आणि शाळेतून आलं की धाकटा त्याच्यासमोर उभा राहून एक देश निवडतो आणि आता त्याचं नाव काय, ते विचारतो.

मशीन खिडकीशी लागलं. डोकं बसवलं, खुंट्यांचे स्क्रू आवळले, मोठ्या चाकावरून नवी वादी वर घेतली. आईने थोरलीला समोर बसवलं. "आधी हाताने चाक आपल्याकडे ओढ. मग पाय. टाच, चवडा, टाच, चवडा." पहिल्या चार वेळा चाक उलटं फिरलं आणि दोरा तुटला. पाचव्या वेळी पायडलला लय सापडली आणि खोलीत तो आवाज भरला, जो मी लहानपणी अर्धवट झोपेत ऐकायचे.

मशीन निजवलं होतं त्यातल्या एका घोंगडीला लोखंडाच्या जाळीने हातभर फाडलं होतं. पहिली टीप तिच्यावरच घातली. वाकडीतिकडी, पण पक्की. धोट्यातली निळ्या दोऱ्याची बॉबिन आईने आधीच काढून खणात ठेवली होती आणि दुसरी भरून घेतली होती. तो दोरा संपवायचा नाही, असं ती म्हणाली.